दुपट्यावरचा हिरवा डाग

देऊळगाव राजा
२ नोव्हेंबर १९६६

ताई,

तू सावकाश वाचतेस म्हणून अक्षर मोठं काढते आहे. कुठं अडलं तर किसनभाऊंना विचार, पण आधी एकटीनं वाच.

मी नागपूरची नोकरी सोडली आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी आले. बाबांना सांगितलं की तिथलं पाणी मानवत नाही. त्यांनी फार विचारलं नाही. बालाजीची यात्रा आटोपली, पण गल्लीत अजून धूळ उडते आहे. शेजारच्या बायका विचारतात, काऊन व, एवढी शिकली अन् घरीच बसली का? मी हसून आत जाते.

गुलाबला जाऊन दोन महिने होत आले. तुझा एकही निरोप नाही. तिसऱ्या दिवशीच मी नागपूरला निघून गेले, त्याचा राग आला असेल. रजा संपली होती, काय करणार?

एक गोष्ट पुन्हा लिहून ठेवते, कारण तुमच्याकडे कोणी ना कोणी बोलत असेल. गुलाबला जो आजार होता तो तुझी दृष्ट लागल्यामुळे किंवा तू ग्रहणात भाजी चिरलीस म्हणून झाला नाही. त्याचं अर्धं बी तुझ्याकडून आलं आणि अर्धं किसनभाऊंकडून. ते आपल्या आत्याचे चिरंजीव, म्हणजे एकाच आजोबांच्या रक्तातलं ते दोन्हीकडे उतरलं होतं. आते-मामेभावंडांची लग्नं आपल्याकडे सगळेच लावतात, त्यात कोणाचा दोष धरता येत नाही. तुझ्या थोरल्या तानीलाही तेच झालं. तानी पाच वर्षांची होऊन बोलत नव्हती, तरी तिचा गोरा रंग आणि पिंगट केस पाहून तुमचं सगळं सुलतानपूर तिला 'मेम' म्हणायचं आणि तुम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. मलासुद्धा वाटायचं. तो गोरेपणा आजाराचा आहे, तिच्या अंगाला येणारा उंदरासारखा वासही त्याच आजाराचा आहे, हे मला प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर कळलं.

म्हणून गुलाबच्या बारशाला येताना मी ती पिवळट औषधाची बाटली आणली. आधी तानीच्या लघवीनं ओल्या झालेल्या फडक्यावर थेंब टाकला, मग गुलाबच्या दुपट्यावर. दोन्ही हिरवे झाले, म्हणजे आजार दोघांनाही होता. तानीसाठी उशीर झाला होता, गुलाबसाठी नव्हता. बारसं लांबलं होतं, तो तीन आठवड्यांचा होता. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, ताई, की आता लिहिताना लाज वाटते.

आत्याबद्दल मी काही लिहीत नाही. झालं ते झालं. तिनं केलं असेल ते मायेनंच केलं असेल. तू तिच्याशी भांडू नकोस.

तब्येत सांभाळ. बाबांचा सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी
कोकिळा

देऊळगाव राजा
२० नोव्हेंबर १९६६

ताई,

दिवाळीला बाबा तुझ्याकडे येऊन गेले. परत आल्यापासून नीट जेवत नाहीत. त्यांनी सांगितलं की घरात दोन चुली झाल्या. आत्यानं गोठ्याच्या अंगाला तीन दगड मांडलेत आणि ती तिथं रेशनच्या मिलो ज्वारीची भाकर भाजून खाते. तानी दिवसातून दहादा तिच्याकडे पळते आणि तू दहादा तिला ओढून आणतेस. बाबांची बहीण ती. तिनं बाबांना ओवाळून त्यांच्या हातावर भाऊबिजेचा करगोटा ठेवला तेव्हा तू दार लावून घेतलंस म्हणे.

बाबांनी मला विचारलं, "मनकर्णानं खरंच पाजलं का व त्याले?"

मी म्हणाले, आता उकरून काढून काय उपयोग.

ती सकाळ मला सारखी आठवते. तू आतून आलीस तेव्हा अर्धं बोलणं होऊन गेलं होतं, म्हणून सुरुवात लिहिते. नागपूरहून आणलेली डब्यातली पावडर संपून चार दिवस झाले होते. त्या पावडरीत गुलाबला लागणारं सगळं होतं, फक्त त्याला न पचणारा एक भाग काढून टाकलेला होता. ती विलायतेहून यायची आणि पुढचा डबा परवान्याच्या कागदांसाठी मुंबईला अडकून पडला होता. मी साबुदाण्याची पेज, साखर, तूप, फळांचा रस यांवर त्याला ठेवलं होतं आणि दूध मोजून देत होते. तुझा पान्हा तर पहिल्याच महिन्यात बंद करायला लावला होता. तू छातीला घट्ट फडकं बांधून भिंतीकडे तोंड करून बसायचीस ते मी पाहिलं आहे.

त्या सकाळी मी दुपट्यावर थेंब टाकला तर हिरवा डाग उठला. पावडर चालू असताना चार महिने तो रंग आला नव्हता. मी मोजून दिलेल्या दुधानं तो यायला नको होता. मग कोणीतरी चोरून पाजतंय, याशिवाय मला दुसरं काही सुचलंच नाही. मी आत्याच्या खाटेखाली पाहिलं. तिथं वाटी होती, तळाशी दूध वाळलेलं.

आत्या म्हणाली, "ते तानीचं हाये व माय. तिले दे असं तूच म्हटलं होतं. लेकराची आण, गुलाबले म्या बोट बी चाटवलं नाही."

तेव्हा मी म्हणाले, "आत्या, औषधाला खोटं बोलता येत नाही. माणसाला येतं."

हे मी शेजारच्या तिघींच्या देखत म्हणाले. तू दारात उभी होतीस. त्या दिवसापासून दूध कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला.

आठवतं का, आई गेली तेव्हा हीच आत्या वर्षभर आपल्याकडे येऊन राहिली होती. मॅट्रिकनंतर मला पुढं शिकवायचं की नाही यावर बाबा अडून बसले, तर हिनंच त्यांना ऐकवलं होतं की दादा, या पोरीले शिकू दे, आपल्या घरात एक तरी मानूस असं पाह्यजे का ज्याले कागद वाचता येते.

ताई, हिरव्या रंगाची कारणं आणखीही असू शकतात. पुस्तकात तसं दिलेलं आहे. मी नीट पाहून तुला लिहीन.

तुझी
कोकिळा

देऊळगाव राजा
१८ डिसेंबर १९६६

ताई,

किसनभाऊ जालन्याच्या बाजाराला जाताना उतरले होते. तुला तिसरा महिना लागल्याचं त्यांनी सांगितलं. आणि संक्रांत झाली की आत्याला संग्रामपूरला सरस्वतीबाईकडे कायमची पोहोचवायची, हेही. लेकीच्या घरी कायमचं राहणं आत्याला कसं वाटेल हे तुला सांगायला नको. ती निघेपर्यंत तू येणाऱ्या बाळासाठी एक दुपटंही शिवणार नाहीस, असं तू म्हणालीस म्हणे.

आता मी लिहिते ते तीनदा वाच.

आत्यानं गुलाबला दूध पाजलं नव्हतं.

हे मला तीन महिन्यांपासून माहीत आहे. मी नागपूरला परतले ती रजा संपली म्हणून नाही. रजा आठ दिवस शिल्लक होती. मला तुझ्या घरात बसवत नव्हतं. गेल्या गेल्या मी माझी वही आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर सरांपुढं ठेवली. तुला ती वही माहीत आहे. दर सोमवारी वाण्याच्या तराजूत गुलाबला झोळीतून तोलायचो ते वजन एका बाजूला, सकाळचा रंग दुसऱ्या बाजूला. सरांनी पानं उलटली, पुन्हा पहिल्यावर आले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग त्यांनी मला जे समजावलं ते मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं.

आपण समजतो की अंग एकदा घडलं की घडलं. तसं नसतं. अंगातला एकेक बारीक कण, त्याला पेशी म्हणतात, आपल्यातलं जुनं रोज उसवतो आणि त्याच तुकड्यांतून नवं शिवतो. तू जुनी लुगडी उसवून वाकळ शिवतेस ना, तसं. निरोगी माणसात उसवणं आणि शिवणं बरोबरीनं चालतं. पण बाहेरून नवं कापड आलंच नाही तर जीव थांबत नाही. तो अंगावरचंच फाडायला घेतो. आधी दंडाचं, मांडीचं मांस. मग काळजाचंही.

गुलाबला एकच तुकडा मोडता येत नव्हता. तो तुकडा दुधात असतो, डाळीत असतो. आणि तो त्याच्या स्वतःच्या मांसातही होता. त्याचं अंग स्वतःला उसवू लागलं तेव्हा तोच तुकडा सुटून रक्तात साचला आणि लघवीत उतरला.

तो हिरवा रंग चोरीच्या दुधाचा नव्हता. तो आपल्या लेकराच्या अंगाचा होता. त्याचं मांस विरघळत होतं आणि मी म्हणत होते की कोणीतरी त्याला जास्त पाजतंय.

मग मी काय केलं ते तू पाहिलंस. रंग आला की दूध कमी केलं. कमी केलं की रंग आणखी गडद आला. तो गडद आला की मी आणखी कमी केलं. शेवटच्या आठवड्यात त्याला हगवण लागली तेव्हा त्याच्यात झुंजायला काही उरलंच नव्हतं. पोळ्याच्या आधीच्या सोमवारी आपण त्याला तोललंच नाही.

यात कोणाचा दोष नाही, ताई. डबा वेळेवर आला असता तर असं झालं नसतं. तो आला, गुलाब गेल्यावर बाराव्या दिवशी. आजार नवा आहे, मोठमोठ्या डॉक्टरांनाही त्याचं सगळं कळलेलं नाही.

पण आत्याला पाठवू नकोस.

तुझी
कोकिळा

देऊळगाव राजा
९ जानेवारी १९६७

ताई,

तुझा निरोप किसनभाऊंनी शब्दन् शब्द सांगितला. "आत्या तिची लाडाची, म्हून आता तिले वाचवून राह्यली. अन् आत्यानं नसन पाजलं तं डाक्टरचं चुकलं. म्या या लेकराले दवाखान्याचं तोंड बी दाखवणार नाही. थेंब बी टाकू देणार नाही त्याच्या दुपट्यावर."

मी अर्धं खरं सांगितलं आणि त्या अर्ध्यामुळं येणाऱ्या बाळाचं दार बंद होतं आहे. त्याला तोच आजार असला आणि तीन आठवड्यांच्या आत कळलं नाही, तर ते तानीसारखं होईल. मग मात्र त्याला पावडर मिळूनही उपयोग नाही. आणि तू त्याला नेणार नाहीस ती डॉक्टरांच्या चुकीमुळं, जी त्यांनी केलेलीच नाही.

आषाढात गुलाबला दाखवून आपण नागपूरहून निघालो तेव्हा सरांनी एक चिठ्ठी दिली होती. इंग्रजीत होती. घरी आल्यावर तू, किसनभाऊ, आत्या, सगळे ओसरीवर बसलात आणि मी ती वाचून दाखवली. आत्यानं मांडीवर हात ठेवून ऐकली होती, पोथी ऐकतात तशी.

मी वाचलं होतं की पावडर संपली तरी दूध सहा औंसांच्या वर जाऊ देऊ नका.

चिठ्ठीत तसं नव्हतं. चिठ्ठीत असं होतं, शब्दाला शब्द देते. पावडर संपल्यास दूध रोज चौदा औंस करावे. रंग हिरवा आला तरी नवा डबा येईपर्यंत त्याकडे लक्ष देऊ नये. वजन उतरता कामा नये. उतरल्यास मूल घेऊन ताबडतोब यावे.

माझ्या वाचण्यात चूक झाली नाही. मला इंग्रजी येतं. मी जाणून वेगळं वाचलं.

का, ते सांगते. मी चिठ्ठी उघडली तेव्हा तानी उंबऱ्यावर बसून नेहमीसारखी पुढं-मागं डुलत होती आणि तिची लाळ पोलक्यावर गळत होती. मला वाटलं, चौदा औंस दूध दिलं, हिरवा रंग येऊ दिला, तर गुलाबचा मेंदू रोज थोडा थोडा जाईल. सरांना मूल जिवंत हवं होतं. मला ते शाळेत जाणारं हवं होतं. वाटलं, मोठे डॉक्टर खेड्यातल्या लोकांसाठी हात राखून लिहितात, यांना काय जमणार असं धरून चालतात. आपण जास्त काटेकोर राहू आणि त्यांना दाखवून देऊ. मी दूध सहावर ठेवलं. मग चारावर आणलं. मग दोनावर. दोन औंस म्हणजे चहाची अर्धी कपबशी, ताई, अख्ख्या दिवसाला.

वजन उतरत होतं तेही मी वहीत लिहिलं. तू विचारलंस तेव्हा सांगितलं की साबुदाण्यावरची मुलं हलकीच असतात. तू माझ्यावर विश्वास ठेवलास तो तू शिकलेली नव्हतीस म्हणून नाही. मी तुझी बहीण होते म्हणून ठेवलास. एकदा तू म्हणाली होतीस की याचे पाय मऊ लागून राह्यले, कोकिळे, आंघोळीत हाताले समजते. तुझ्या हाताला कळलं होतं. मी तुला म्हणाले की तुझ्या हातावर औषध चालत नाही.

सरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही. मीच राजीनामा दिला. ते म्हणाले की पुढच्या खेपेला मूल सातव्या दिवसापासून बघू, डबे आधीच मागवून ठेवू. ते अजूनही तसंच म्हणतात.

आता माझी विनंती. हे पत्र एकटीनं वाचून पेटीत ठेवू नकोस. किसनभाऊंना ओसरीवर मोठ्यानं वाचायला सांग. आत्याला समोर बसव. त्या दिवशी ज्या तिघी होत्या त्यांनाही बोलाव. चिठ्ठी सोबत जोडली आहे. मेहकरला हायस्कुलात जानराव मास्तर इंग्रजी शिकवतात, त्यांच्याकडून ती वाचून घे. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

कोकिळा

देऊळगाव राजा
१२ फेब्रुवारी १९६७

ताई,

मी ते पत्र टाकलं त्याला तीन आठवडे झाले तेव्हा किसनभाऊ ते परत घेऊन आले. उघडलेलं, वाचलेलं, घडी घातलेलं. तुझा निरोप एवढाच, "तिले म्हणा, कागदावर लय बोलते. तिघींसमोर जे बोल्ली ते तोंडानं बोल्ली होती. हे बी तोंडानंच बोलावं."

म्हणून मी तुझ्याकडे आले. मी काय बोलले ते तू ऐकलंस, ते पुन्हा लिहीत नाही. पण मी बोलत असताना तू मध्येच उठून आत गेलीस आणि नंतर काय झालं ते तुला माहीत नाही. आत्या तुला ते आपण होऊन सांगणार नाही, म्हणून हे पत्र.

तू आत गेलीस. शेजारणी एकेक करून उठल्या. त्यातली एक जाताना म्हणाली की आम्ही बी त्या दिवशी मान डोलावली होती, बाप्पा. मग ओसरीवर आम्ही दोघीच राहिलो. आत्या ओरडेल, मला मारेल, असं मी धरून आले होते. तिनं तसं काही केलं नाही.

मग म्हणाली, "म्हंजे म्या नाही पाजलं."

मी म्हणाले, नाही आत्या.

"तू इतकं ठासून बोल्ली होती का मले बी खरं वाटू लागलं. म्हटलं, म्हतारं मानूस, झोपीत उठून पाजलं असन त्याले, अन् सकाळी ध्यानात राह्यलं नसन. तू शिकेल पोरगी, तू कायले खोटं बोलशीन. तवापासून म्या पाय खाटीच्या दांडीले बांधून झोपते. तानीले बी काही पाजलं-बिजलं म्हंजे, या भेवानं."

तिनं लुगडं जरा वर केलं. घोट्याजवळ सुतळीचे वळ होते, काही जुने, काही ओले.

मी तिचे पाय धरले. तिनं सोडवले नाहीत आणि मला उठवलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "सोड, मुंग्या आल्या."

तू बाहेर आलीस तेव्हा मी निघाले होते. तू म्हणालीस ते मला पाठ झालं आहे. "यापुढं इंग्रजी कागद आला का दोघाजणाइकडून वाचून घेईन. तू एकलीनं वाचलेला मले चालणार नाही. अन् बाळंतपणाले येऊ नको." मी हो म्हणाले. ताई, तू त्यापेक्षा कमी काही म्हणाली असतीस तर मला परत जाता आलं नसतं.

संक्रांत उलटूनही आत्या तिथंच होती; तू तिला संग्रामपूरला पाठवणार की नाही ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पण निघताना पाहिलं, तानी गोठ्याकडं गेली आणि तू तिला ओढायला गेली नाहीस.

आत्या मला फाट्यावर सोडायला आली. मी नको म्हणत होते. मेहकरहून येणाऱ्या एस.टी.ला वेळ होता. निंबाखाली बसलो. आत्या बोटांवर काहीतरी मोजत होती.

"तानी एक. गुलाब दोन. दोघाइले झालं. आता या तिसऱ्याले तं काही नाही ना व?"

मला तिला नाही म्हणायचं होतं. तिच्या घोट्यावरचे वळ पाहिल्यावर कोणीही नाहीच म्हटलं असतं. खरं काय ते मला माहीत होतं आणि खोटं काय बोलायचं तेही तयार होतं, ताई. चिठ्ठी वाचतानाही असंच होतं.

मी म्हणाले, आत्या, अशा जोडप्याच्या चार मुलांत एकाला हा आजार होतो. पण आधी दोघांना झाला म्हणून तिसरं सुटलं असं नसतं. दर खेपेला मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

"म्हंजे याले बी होऊ शकते."

हो.

"अन् नाही बी."

तीन हिश्शांनी नाही. एका हिश्शानं हो.

रस्त्यावरून कापसाच्या दोन गाड्या गेल्या. मग तिनं विचारलं, हे मी तुला सांगितलं का. मी म्हणाले, नाही, धीर झाला नाही.

"सांग. पण म्या सांगतलं तं तिले वाटन म्हतारी अपशकून करून राह्यली. तुह्या तोंडचंच आता तिले पाह्यजे. आवडो का न आवडो."

एस.टी. आली. आत्यानं मला चढताना आधार दिला नाही, पण गाडी हलेपर्यंत ती उभी होती.

तर ते हे. चारांत एक. मी कमी करून किंवा वाढवून सांगितलेलं नाही. जानराव मास्तरांना विचार, नाहीतर सरांना पत्र घाल, पत्ता सोबतच्या कागदावर दिला आहे.

मेहकरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना मी भेटून आले. बाटली त्यांच्याकडे दिली आहे आणि थेंब कसा टाकायचा ते त्यांच्याकडून दोनदा करवून घेतलं. सातव्या दिवशी एकदा आणि विसाव्या दिवशी एकदा त्या तुझ्या घरी येतील. मी तिथं नसेन. दुपटं तू धर आणि आत्यालाही जवळ बसव, कारण रंग दोघींनी मिळून पाहायला हवा. हिरवा आला तर त्याच दिवशी सरांना तार करा. डबे नागपूरला येऊन पडलेत. तेव्हा मलाही दोन ओळी लिही, म्हणजे मला काही करायचं असेल तर ते मी लांबूनच करीन, तू सांगशील तेवढंच.

रंग आला नाही तर मला लिहू नकोस. तुझ्याकडून पत्र न येण्याची मला सवय आहे. श्रावणात मी रोज दारात टपालवाल्याची वाट पाहीन, आणि तो पुढच्या घरी गेला की समजेन, बाळ चांगलं आहे.

कोकिळा